नळी काढण्याआधी: पेशंटला गिळता येतंय का?

आजचा विषय दवाखान्यातला आहे, पण घरात आजी-आजोबा असतील तर नक्की ऐका.

पक्षाघात, म्हणजे स्ट्रोक आला की बऱ्याच पेशंटना नाकातून पोटापर्यंत नळी घालतात. आपल्याकडे तिला राईल्स ट्यूब म्हणतात. थोड्या दिवसांनी पेशंट बोलायला लागतो, चहा मागतो. घरच्यांना राहवत नाही. "डॉक्टर, काढा ना आता ती नळी!"

पण बोलता आलं म्हणजे गिळताही येईलच असं नसतं. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट अगदी शेजारी आहे. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासाची वाट क्षणभर बंद होते. ती वेळ चुकली की घोट फुप्फुसाकडे जातो. तुम्हाला-मला लगेच ठसका लागेल. स्ट्रोकनंतर घशाची जाणीव कमी झाली असेल, तर तो लागतच नाही! याला सायलेंट अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. म्हणजे घरी चमचाभर चहा देऊन 'बघा, काही झालं नाही' म्हणणं धोक्याचं. न्यूमोनिया नंतर उघडकीला येतो.

ही तपासणी बहुतेक वेळा स्पीच थेरपिस्ट करतात. (हो, बोलणं शिकवणारेच.) पेशंट नीट जागा आहे का, मुद्दाम खोकता येतं का, स्वतःची लाळ गिळतो का, हे आधी बघतात. मग ऑस्ट्रियात २००७ मध्ये मांडलेल्या 'गस' चाचणीसारखी एखादी पद्धत. गंमत म्हणजे त्यात सुरुवात पाण्याने होत नाही. आधी अर्ध्या चमच्याहून कमी घट्टसर पदार्थ, तो जमला तरच ३ मिलीलीटर पाणी, मग हळूहळू जास्त, शेवटी ब्रेड. कारण पातळ पाणी घशात झरकन उतरतं, आवरायला वेळच देत नाही. प्रत्येक घोटानंतर आवाज ऐकतात. तो ओला, घुरघुरता झाला की थांबायचं. शंका उरली तर नाकातून बारीक कॅमेरा घालून किंवा बेरियम मिसळलेला घास एक्स-रेखाली बघतात.

पास झालं तरी नळी लगेच निघेलच असं नाही. दिवसभराचं जेवण, पाणी, औषधं न दमता तोंडाने जातायत का, हे बघावं लागतं.

आणि पेशंटने नळी स्वतःच ओढून काढली तर? घरी परत घालू नका, तोंडानेही काही देऊ नका. आधी दवाखान्यात फोन करा.