घरच्या माशांना काचच बरी

मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचं २०१५ मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा सर्वाधिक बोलबाला झाला तो तिथल्या १२ फुटी ॲक्रिलिकच्या बोगद्याचा. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाची मुख्य खिडकी तर साडेबावीस मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड आहे. तीही ॲक्रिलिकचीच. एवढ्या जाडीची साधी काच गडद हिरवी दिसली असती. ॲक्रिलिक नितळ राहतं, वाकवता येतं आणि त्याचे सांधेही सहसा डोळ्यांत येत नाहीत.

मग बैठकीच्या खोलीतही तेच का नको? वजनाला निम्मं, शिवाय पटकन फुटत नाही, असं दुकानदार सांगतो. त्यात खोटं काही नाही.

पण हिशेब करून पाहावा. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी आठ मिलिमीटर काचेची असेल, तर रिकामी साधारण ३३ किलो भरते. तेवढ्याच जाडीच्या ॲक्रिलिकची १६ किलो. मात्र ॲक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी लवचिक असल्याने पाण्याच्या दाबाने त्याचं पोट पुढे येतं. ते टाळायला जाड शीट आणि वरून आडव्या पट्ट्या घ्याव्या लागतात, म्हणजे वजनाचा थोडा फायदा तिथेच गेला. उरलेला जिना चढेपर्यंतच; आत पाणीच १८० किलोच्या आसपास असतं.

खरी कटकट पुढे सुरू होते. शेवाळ घासायच्या चुंबकात वाळूचा एक कण अडकला, की ॲक्रिलिकवर लांबलचक ओरखडा उमटतो. काचेवरचं शेवाळ ब्लेडने खरवडता येतं, इथे ब्लेड वर्ज्य. सकर मासाही चाटून चाटून ॲक्रिलिकवर खुणा उठवतो! हे ओरखडे पॉलिश करून घालवता येतात, ही जमेची बाजू. पण आतल्या बाजूचे घालवायचे तर बहुधा टाकी रिकामी करावी लागते, आणि ती हौस किती जणांना असते?

ॲक्रिलिक अभेद्यही नाही. बर्लिनच्या एका हॉटेलातलं ‘ॲक्वाडोम’ हे भव्य दंडगोलाकार ॲक्रिलिक मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं आणि सुमारे दहा लाख लिटर पाणी बाहेर आलं.

वक्राकार किंवा फार मोठी टाकी हवी असेल, घरात चेंडू उडवणारी मुलं असतील, तर ॲक्रिलिकचा विचार जरूर करावा. चार फुटांपर्यंतच्या आयताकृती टाकीला मात्र काचच घ्यावी. हिरवट झाक खटकत असेल, तर समोरची बाजू तेवढी कमी लोहाच्या काचेची करून घ्यावी.