पेपर उघडण्याआधी अडचण हवी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी दिसेल तो पेपर वाचायचे आणि आठवड्यात विसरायचे. जॉन कार्मॅकची गोष्ट मला तेव्हा माहीत हवी होती. दोन सेमिस्टरमध्ये कॉलेज सोडलेला हा प्रोग्रामर, शिकला तो कामातूनच.

१९९३च्या 'डूम' गेममध्ये त्याची अडचण अगदी नेमकी होती. खेळाडू जिथे उभा आहे तिथून कुठली भिंत पुढे, कुठली मागे? दर फ्रेमला हे नव्याने ठरवणं तेव्हाच्या पीसीला झेपणारं नव्हतं. त्याने जी युक्ती वापरली ती फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८०च्या पेपरमधली: नकाशा आधीच रेषांनी दोन-दोन भागांत कापत जायचा आणि त्याची ट्री साठवायची. खेळताना ट्रीवरून फिरलं की भिंतींचा क्रम मिळतो.

पण ट्री आधीच ठरलेली, म्हणून डूममधल्या भिंती आडव्या सरकत नाहीत. दारंसुद्धा वर उचलली जातात. (खेळला असाल तर आठवेल!) ही अट गेमला चालली.

तुमच्या पेपरमध्ये अशी अट कुठे लपलीय, आणि ती तुमच्या प्रश्नाला चालते का? उघड्या टॅबपैकी एकावर आज एवढंच शोधा.