बशी नको, वाटी हवी!

चष्मा नाकावर बसतो, कॉन्टॅक्ट लेन्स थेट डोळ्यावर. एवढ्या एका फरकापायी तिचं माप निराळं, नखरे निराळे आणि इतिहास तर भन्नाटच!

पहिला मान सशांचा
झुरिकचे नेत्रतज्ज्ञ अडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये काचेच्या लेन्सवर निबंध छापला. लेन्स आधी सशांना लावल्या, मग स्वतःला, मग काही रुग्णांना. डोळ्याचा पांढरा भागही झाकणारी ती काच दोनेक तासांत नकोशी व्हायची. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या कीलमध्ये ऑगस्ट म्युलर या विद्यार्थ्याने आपल्या उणे १४ नंबरसाठी स्वतःच लेन्स घासल्या. डोळा बधिर करायला कोकेन घातलं, तरी अर्ध्या तासावर त्या सोसवेनात.

नाताळातला कारखाना
सॉफ्ट लेन्सचं यंत्र घरात जन्मलं. १९६१ च्या नाताळात चेक रसायनशास्त्रज्ञ ओट्टो विख्टरले यांनी ‘मेर्कुर’ या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि फिरत्या साच्यांतून चार लेन्स काढल्या. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेने सॉफ्ट लेन्सच्या विक्रीला मंजुरी दिली.

कॉर्नियाही श्वास घेतो
बुबुळावरच्या पारदर्शक कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. ऑक्सिजन त्याला मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत मिळतो. पापण्या मिटल्या की हा पुरवठा घटतो आणि वर लेन्स असेल तर आणखीच. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मते लेन्स लावून झोपणाऱ्यांना जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पट असतो. दुपारची वामकुक्षीही झोपच, बरं का!

दहाचे झाले नऊ
चष्म्याचा नंबर उणे १० असेल तर लेन्सचा साधारण उणे ९ भरतो. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स मात्र चिकटून. त्यामुळे उणे नंबर उतरतो, अधिकचा चढतो. चारच्या पुढच्या नंबरांना हा हिशोब करावाच लागतो. चष्म्याचा कागद दाखवून परस्पर लेन्स मागवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आरामदायक म्हणजे योग्य? छे!
खोक्यावर नंबरासोबत आणखी दोन आकडे असतात: बेस कर्व्ह, म्हणजे आतल्या गोलाईची त्रिज्या, आणि व्यास. उदाहरणार्थ ८.६ आणि १४.२ मिलिमीटर. कॉर्नियाची गोलाई केरॅटोमीटरवर मोजतात. मग ट्रायल लेन्स लावून पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवतात आणि स्लिट लॅम्पखाली पाहतात, की पापणी लवली की लेन्स किती सरकते. फार घसरली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. गंमत अशी, की घट्ट लेन्स सुरुवातीला झकास वाटू शकते. म्हणून ‘छान वाटतंय’ एवढ्यावर विकत घेऊ नये. सिलिंड्रिकल नंबर असेल तर लेन्स गोल फिरूनही चालत नाही. तिला सरळ ठेवण्यासाठी अनेकदा खालची बाजू जाड करतात.

बशी की वाटी?
सॉफ्ट लेन्स बोटावर ठेवून बाजूने पाहा. वाटीसारखी दिसली तर सुलटी. कडा बशीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी. आणि रोज उजवा डोळा आधी, म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल होत नाही.

हरवली तरी मेंदूत जात नाही
डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा वळून पापणीच्या आत जाते, त्यामुळे मागे वाटच नसते. पण पापणीखाली दडायला जागा भरपूर! इंग्लंडमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या बाईंच्या एका डोळ्यातून तब्बल २७ लेन्स निघाल्या. त्यातल्या १७ एकाच गोळ्यात होत्या. २०१७ मध्ये ‘बीएमजे’ने ही हकिकत छापली. बाईंना वाटत होतं, वय झालं म्हणून डोळे खुपतात.

पाण्याशी हाडवैर
अकांथामिबा नावाचा अमिबा नळात, विहिरीत, तलावात, मातीतही असतो. कोषात गेला की क्लोरीनलाही दाद देत नाही. कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि नजरही जाऊ शकते. भारतात याचे बहुतेक रुग्ण लेन्स न लावणारेच असतात. त्यांना तो माती आणि दूषित पाण्यातून गाठतो. म्हणजे पाहुणा आपल्या दारातच आहे. तेव्हा अंघोळीपूर्वी, विहिरीत सूर मारण्यापूर्वी आणि होळीचे रंग उडण्यापूर्वी लेन्स काढा. लेन्स आणि डबी नळाखाली धुऊ नका. थुंकीने ओली करणं तर नकोच नको!

ठेचा, काजळ आणि शिळं सोल्युशन
मिरच्यांचं तिखट साबणानेही पटकन जात नाही. ठेचा करायचा असेल तर लेन्स आधीच काढून ठेवा. काजळ मात्र लेन्स लावल्यावर, तेही पापणीच्या आतल्या कडेला नको. लेन्सला हात लावण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करा. महिनाभराची लेन्स काढल्यावर सोल्युशनने चोळून धुवा, ‘नो रब’ लिहिलेलं असलं तरी. कालच्या सोल्युशनमध्ये आजची भर घालू नका. डबी सोल्युशनने धुऊन उपडी सुकवा आणि दर तीन महिन्यांनी बदला.

टाकू नका, घेऊन जा
डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना किंवा धूसर दिसू लागलं, तर लेन्स ताबडतोब काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरातले जुने ड्रॉप घालत बसू नका. जाताना ती लेन्स आणि डबी सोबत न्या. जंतू कोणता, हे कधी कधी डबीच सांगते.