मी पाहिलेले दोन चित्रपट

सिनेमाच्या बाबतीत मी जाणकार नव्हे. छायालेखन कसे होते, संकलन कसे होते, असे कोणी विचारले तर मी डोके खाजवीत बसेन. कामाने मूर्तिजापूरहून अकोल्याला जावे आणि परतीच्या गाडीला वेळ असला तर एखादा खेळ पाहून घ्यावा, एवढाच माझा व्यासंग. पण यंदा पावसाची झड लागली आणि मुलाने घरबसल्या दोन जुने चित्रपट दाखविले. दोन्ही एकाच दुखण्यावरचे : शेतकऱ्याची आत्महत्या.

पहिला अनुषा रिझवी यांचा हिंदी ‘पीपली लाइव्ह’ (2010). कर्जापायी नत्थाची जमीन लिलावात जायची वेळ येते. मेल्यावर सरकारकडून पैसे मिळतात असे कळते आणि थोरला भाऊ बुधिया नत्थालाच मरणासाठी पुढे करतो. मग काय! टीव्हीवाले येतात, पुढारी येतात, गावात जत्रा भरते. मी पोट धरून हसलो. पण मनात राहिला तो नत्था नव्हे. राहिला होरी महतो. तो बिचारा मुकाट्याने माती खणतो आणि त्याच खड्ड्यात मरतो. त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नसते.

दुसरा सतीश मनवर यांचा मराठी ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009). हे नाव ऐकून पुण्यामुंबईची मंडळी अडखळतील. आमच्या वऱ्हाडात ती रोजची शिवी आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला, तसे आपला नवराही करील, या धास्तीने अलका सहा वर्षांच्या दिनूला आणि सासूला किस्नाच्या पाळतीवर ठेवते. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांची कामे फार सच्ची वाटली. पडद्यावर आमची बोली कानी पडली की बहुधा हशा पिकविण्यासाठीच, असा माझा अनुभव. इथे तिच्यात एका बाईची भीती बोलते.

दिनू बापामागे निघाला आणि मला पुढचे दिसेनासे झाले.

मी दहा वर्षांचा असताना आमची पऱ्हाटी दोनदा पेरून दोनदा गेली. बाबा बोलेनासे झाले. ते वावरात निघाले की माय पाण्याचा गडवा माझ्या हाती देई, “जाय, बापाच्या मांगं मांगं जाय. त्याईले एकटं सोडू नको.” मला वाटे, बाबांना तहान फार लागते. बाबा पुढे म्हातारे होऊन गेले, हे आमचे भाग्य.

‘पीपली’त सारा गाव नत्थाकडे पाहतो, पण ते पाहणे तमाशाचे. ‘गाभ्रीचा पाऊस’मधले घरचे पाहणे मायेचे. तरी एक तक्रार आहे : अलकाने एकदा तरी किस्नाला समोर बसवून सरळ विचारायला हवे होते, असे मला राहून राहून वाटले.

रात्री हेच मायला बोलून दाखविले. ती आता ऐंशीच्या पुढे आहे. म्हटले, “माय, तू तरी बाबांना कुठे विचारलंस? मला पाणी घेऊन धाडत होतीस.”

ती बराच वेळ वाती वळीत राहिली. मग म्हणाली, “पाणी तं वावरातल्या विहिरीले होतंच ना रे बापू.”