वकील मोफत, तारखेचा खर्च आपला

सकाळी १०. जिल्हा न्यायालयाच्या फाटकाबाहेर टायपिंगवाल्यांची टेबलं मांडून झालेली असतात. मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील. माझ्याकडे येणाऱ्या बायका आधी या टेबलांपाशी चौकशी करतात आणि तिथेच कुणीतरी ‘आधी पाच हजार ठेवा’ म्हणतं. मग मंगळसूत्र गहाण पडतं. आमचं कार्यालय याच आवारात आहे, पण पाटी जिन्याखाली.

साडेदहा. काखेत पोर घेऊन एक बाई आली. नवऱ्याच्या रिक्षासाठी मायक्रोफायनान्सचं कर्ज काढलं ते हिच्या नावावर. नवरा वेगळा राहतो, पोरांना काही देत नाही. हप्ता चुकला की गटातल्या बायका हिच्या दारात येऊन बसतात, कारण भुर्दंड सगळ्यांना. पोटगीबद्दल बोलण्याआधी तिने विचारलं, “मॅडम, तुमची फी किती?” काहीच नाही म्हटल्यावर ती आणखीच घाबरली. फुकटचा वकील काय कामाचा, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मग कायदा सांगावा लागतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. माझी फी प्राधिकरण देतं. पोटगी, घटस्फोट आणि वैवाहिक वादातून आलेली मालमत्ता या दाव्यांत महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फीही माफ आहे, १९९४ पासून. अर्ज लिहिता येत नसेल तर कार्यालयातले लिहून घेतात.

अकरा ते दीड. पुकारे, तारखा. एका समन्सची बजावणी झालेली नाही, कारण नवऱ्याने खोली बदलली. पुढची तारीख. असल्या दिवशी पक्षकाराची मजुरी बुडते, आणि तिची भरपाई कुठलंच प्राधिकरण देत नाही. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच आधार.

दोन. डबा खाता खाता सकाळच्या बाईचं शपथपत्र. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र सक्तीचं केलं. ही बाई कर्ज लपवायला बघत होती, “लोक काय म्हणतील” म्हणून. कर्ज लिहायचंच, हप्त्याचं कार्डही जोडायचं. पैसे रिक्षात गेले हे दाखवणारा तोच कागद आहे. अर्ज लवकर टाकायचा, कारण त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. आणि तो माहेरच्या गावी, ती राहते तिथल्या न्यायालयात टाकता येतो.

चार. दुसऱ्या एका प्रकरणात मध्यस्थी. समोरच्या नवऱ्यालाही प्राधिकरणाचाच वकील. त्यावरून बाईचा भाऊ भडकला. पण महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत कमाई असलेल्या पुरुषालाही तो हक्क आहे, आणि असावाच. नवऱ्याचं नेहमीचं पालुपद, “माझेही हप्ते आहेत.” स्वतःहून काढलेल्या कर्जाचे हप्ते पोटगीच्या आधी येतात, हे न्यायालयं सहसा मानत नाहीत. तडजोड झाली नाही.

साडेपाच. सकाळची बाई सहीला थांबली होती. तिला कडू ते सांगितलं: पोटगी मंजूर झाली तरी कर्ज तिच्याच नावावर राहील. सावकाराने लोकअदालतीत बोलावलं तर जावं, हप्ते कमी करून मिळू शकतात. पण वाचून घेतल्याशिवाय अंगठा नको, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

तुमच्या ओळखीत कुणी वकिलासाठी व्याजाने पैसे काढायला निघाली असेल, तर तिला आधी १५१०० हा मोफत क्रमांक लावायला सांगा. जिल्हा लांब पडत असेल तर तालुका न्यायालयातही विधी सेवा समिती असते.