दीर्घकालीन दाह आणि वृद्धी संप्रेरक उपचार : फीडबॅक लूपच्या नजरेतून

फीडबॅक लूप तुम्ही नियंत्रण प्रणालीच्या विषयात शिकला आहात. या टिपणात तोच लूप लहान मुलांच्या शरीरात कसा चालतो ते पाहू. जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस (जेआयए) या आजारात मुलांच्या सांध्यांना दीर्घकाळ दाह होतो. आजार तीव्र असेल तर उंचीही खुंटते. मग पालक विचारतात, "वाढीचे इंजेक्शन देता येईल का?" उत्तर देण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधले पाहिजे.

१. निरोगी लूप

मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी वृद्धी संप्रेरक सोडते. हे १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. ते सतत झिरपत नाही, तर पल्सच्या रूपात येते. मोठे पल्स गाढ झोपेत येतात. या संकेतामुळे यकृत आयजीएफ-१ हे दुसरे संप्रेरक तयार करते. दोन्ही मिळून हाडांच्या टोकांजवळील वृद्धिपट्टीतील कूर्चापेशी वाढवतात. रक्तात आयजीएफ-१ वाढले की पियूषिकेला 'पुरे' असा संदेश जातो. हा झाला ऋण फीडबॅक.

२. दाहात काय बिघडते?

दाहाच्या वेळी आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी सायटोकाइन प्रथिने वाढतात. त्यांच्यामुळे यकृतपेशींत वृद्धी संप्रेरकाचा संकेत पुढे नेणारी साखळी दबते. म्हणून अनेक मुलांत वृद्धी संप्रेरक पुरेसे असूनही आयजीएफ-१ कमी आढळते. ट्रान्समीटर चालू आहे, पण रिसीव्हरची संवेदनशीलता घटली आहे, असे समजा. शिवाय सायटोकाइन थेट वृद्धिपट्टीवरही परिणाम करतात. दाह आटोक्यात आणण्यासाठी दिलेली स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतल्यास वाढ आणखी मंदावते. भूक मंदावल्याने पोषण कमी पडते, तो भार वेगळाच.

३. उपचाराचा क्रम

पहिली पायरी नॉइज कमी करण्याची, म्हणजे दाहावर नियंत्रण आणण्याची. एटानरसेप्ट टीएनएफला, तर टोसिलिझुमॅब आयएल-६ च्या रिसेप्टरला अडवते. अशा औषधांमुळे स्टेरॉइडचा डोस कमी करता येतो आणि पुष्कळ मुले मागे पडलेली उंची काही अंशी भरून काढतात. पोषण सुधारणे याच पायरीत येते.

एवढे करूनही उंची मागेच राहिली, तर निवडक मुलांत सिग्नलचा आयाम वाढवण्याचा, म्हणजे बाहेरून वृद्धी संप्रेरक देण्याचा विचार होतो. फ्रान्स आणि जर्मनीत जेआयए असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत त्याने वाढीचा वेग सुधारला. मात्र प्रतिसाद सर्वांत सारखा नव्हता; दाह तीव्र असेल तर लाभ कमी होतो.

४. एक आकडेमोड

संप्रेरकाची कमतरता असलेल्या मुलांना दररोज साधारण ०.०२५ ते ०.०३५ मिग्रॅ प्रतिकिलो डोस देतात. जेआयएच्या काही अभ्यासांत आठवड्याला ०.३३ मिग्रॅ प्रतिकिलो डोस होता. मुलाचे वजन २० किलो धरा.

कमतरतेसाठी : रोज ०.५ ते ०.७ मिग्रॅ
जेआयएसाठी : ०.३३ × २० ÷ ७ = रोज सुमारे ०.९४ मिग्रॅ

संवेदनशीलता घटली की इनपुट जास्त लागते, हे येथे दिसते. प्रत्यक्ष डोस तज्ज्ञ डॉक्टरच ठरवतात.

५. मर्यादा

वृद्धी संप्रेरक इन्सुलिनच्या विरुद्ध काम करते आणि स्टेरॉइडही साखर वाढवते. दोन्ही एकत्र चालू असतील तर रक्तातील साखर नियमित तपासावी लागते. इंजेक्शन सहसा रोज, अनेक वर्षे घ्यावे लागते आणि खर्चही मोठा असतो.

सर्वांत कडक मर्यादा वेळेची आहे. पौगंडावस्थेच्या अखेरीस वृद्धिपट्टी बंद होते. त्यानंतर कितीही संप्रेरक दिले तरी उंची वाढत नाही. म्हणून डॉक्टर डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहतात. दर काही महिन्यांनी उंची मोजून ती तक्त्यावर नोंदवणे हा स्वस्त आणि भरवशाचा सेन्सर आहे. ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते उपलब्ध आहेत. वक्ररेषा खाली झुकू लागताच ती दिसली, तर उपाय करायला वर्षे हाती राहतात.

सारांश : पालकांच्या प्रश्नाचे उत्तर 'काही मुलांना देता येते, पण दाह आटोक्यात आणल्यावर आणि वृद्धिपट्टी बंद होण्याआधी' असे आहे.

स्वाध्याय

१. वरील लूपचा ब्लॉक डायग्राम काढा आणि दाहाचा परिणाम कोणकोणत्या ब्लॉकवर होतो ते दाखवा.
२. दाह कायम ठेवून फक्त डोस वाढवत नेला, तर कोणते धोके संभवतात?