सावकार-मुत्सद्दी लीव्हाय मॉर्टन

अमेरिकेंतील व्हरमाँट संस्थानांत एका खेड्यांतील धर्मोपदेशकाच्या घरीं १६ मे १८२४ रोजीं लीव्हाय मॉर्टन यांचा जन्म झाला. दुकानांतील कारकुनीपासून चढत चढत ते न्यूयॉर्कचे मोठे व्यापारी झाले. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील येणें बुडालें व त्यांचें दिवाळें निघालें. धनकोंनीं निम्म्या रकमेवर तडजोड केली. कायद्यानें प्रकरण तेथेंच मिटलें होतें. परंतु पुढें पेढी काढून हातीं पैसा येतांच मॉर्टन यांनीं त्या सर्वांस मेजवानीस बोलाविलें. प्रत्येकाच्या ताटाखालीं उरलेल्या रकमेचा सव्याज चेक होता!

१८८० सालीं गारफील्ड यांच्याबरोबर उपाध्यक्षपदास उभें राहण्यास त्यांनीं नकार दिला. तें पद पत्करणारे आर्थर हे गारफील्ड यांच्या खुनानंतर अध्यक्ष झाले. दैवगति, दुसरें काय?

अखेर १८८९ सालीं मॉर्टन उपाध्यक्ष झाले. अमेरिकेंत उपाध्यक्ष हाच सीनेटचा सभापति असतो. दक्षिणेंतील कृष्णवर्णी नागरिकांच्या मतदानाच्या हक्काचें रक्षण करणारें बिल विरोधकांनीं लांबलचक भाषणांनीं अडविलें. त्या वेळीं सभापति या नात्यानें स्वपक्षाची बाजू घेण्याचें मॉर्टन यांनीं टाळलें, आणि १८९१ सालीं बिल बारगळलें. त्यांच्या निःपक्षपातीपणाची कित्येकांनीं वाखाणणी केली. आम्हांस मात्र वाटतें कीं, त्याचा भुर्दंड ज्यांस पडला ते त्या सभागृहांत नव्हतेच.

१८९२ सालीं पक्षानें त्यांस पुन्हा उमेदवारी दिली नाहीं. पुढें ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले, व १९२० सालीं आपल्या ९६ व्या वाढदिवशीं वारले. मतदानाच्या हक्काचा प्रभावी कायदा होण्यास १९६५ साल उजाडावें लागलें.